दादांना पेलेल अशी दोरी

खुर्ची जिन्यात अडकली तेव्हा तीत दादा बसलेले होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघालं.

प्लास्टिकची खुर्ची. खालच्या बाजूला सरकारी ऑफिसातला रेकॉर्डकीपर, वरच्या बाजूला त्याचा मेहुणा आणि मध्ये रेकॉर्डकीपरचे वडील, वय एकोणऐंशी. चौथ्या मजल्यावरून सहा पायऱ्या झकास उतरल्या. सातव्या पायरीला जिना वळतो. खुर्चीचे हात वळले नाहीत. खुर्ची पुढे कलली, तेव्हा दादांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने जे सापडलं ते धरलं. ते रेकॉर्डकीपरचे केस होते. आधीच मोजके.

"दादा, सोडा!"

"मी सोडल्यावर तू सोडणार नाहीस कशावरून?"

सहा पायऱ्या उतरायला लागली दोन मिनिटं, परत चढायला पंधरा. घरात आल्यावर दादांनी शर्ट झटकला आणि जाहीर केलं, "मी माणूस आहे. गोणी नाही."

आता प्रश्न असा की दादांना खाली जायचं कशाला होतं?

लिफ्ट सात महिने बंद होती. दारावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी होती आणि आता पाटीवरची अक्षरंही पुसत आली होती. सपाटीवर दादा काठी घेऊन खुशाल चालतात, पण जिना उतरताना त्यांचे गुडघे दगा देतात. समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दादांची थोरली बहीण राहायची, अक्का, वय ब्याऐंशी. तिच्या गुडघ्यांची तर दोन पायऱ्यांशीसुद्धा बोलचाल नव्हती. रोज संध्याकाळी दादा गॅलरीत येत, अक्का तिच्या दारात खुर्ची टाकून बसे आणि दोघं एकमेकांकडे बघत फोनवर भांडत. मध्ये अंतर तीस पावलांचं. अधिक चार मजले.

आणि अक्का आता कायमची चालली होती. मुलीकडे, दुसऱ्या शहरात. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला.

ही बातमी ऐकून दादा एवढंच म्हणाले, "समोरासमोर एकदा बसायला हवं होतं." आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळाने तेच पान परत उलटलं.

बस. रेकॉर्डकीपरने कंबर कसली.

*

(स्ट्रेचर का नाही? विचारलं होतं. दादा म्हणाले, "आडवा होऊन या जिन्यावरून मी एकदाच जाणार आहे. त्याची घाई करू नकोस." हॉस्पिटलची जिना उतरायची खुर्ची का नाही? तीही विचारली होती. ती फक्त रुग्णांना मिळते आणि त्यासाठी रुग्ण असल्याचा दाखला लागतो. दादा म्हणाले, "मला काही झालेलं नाही. खोट्या कागदावर मी बसणार नाही." दादा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. अख्ख्या बाजाराला घाम फोडलेला माणूस.)

*

सुतार दारातूनच म्हणाला, "हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या. दोन बाजूंना दोन बांबू, पुढे-मागे आडव्या काठ्या. बांबू खुर्चीच्या पुढे-मागे दोन-दोन फुटांपेक्षा जास्त निघू देऊ नका, वळणार नाही. आणि खिळे मारू नका, बांबू उभा चिरतो. बांधा."

"कशाने?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी खिळेवाला."

मोजले तर आठ सांधे झाले. वडील बसणार आठ गाठींच्या भरवशावर. तेव्हा दोरी कोणती, हा प्रश्न रेकॉर्डकीपरने गंभीरपणे घेतला, आणि गंभीरपणे घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं तो जे करतो तेच केलं. नोंदवही उघडली. रकाने आखले. अनुक्रमांक, दोरीचा प्रकार, सुचवणाऱ्याचं नाव, भार, शेरा. शेऱ्याचा रकाना दादांनी मागून घेतला.

"बसणार मी. शेरा माझा."

वहीची बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला तासभरसुद्धा लागला नाही. संध्याकाळी दोन तट पडले होते.

दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. तीस वर्षं जहाजावर काढलेली, म्हणून त्यांना सगळे जहाजवाले म्हणत. ते स्वतःची दोरी घेऊनच आले. "नायलॉनला इमान नसतं. ताणलं की लांब होतं, आणि घसरतं. झाडापासून निघालेली दोरी वापरा. काथ्या! आमच्या जहाजावर…"

"जहाज जिन्यावरून उतरत नाही," मेहुणा म्हणाला.

मेहुणा सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन राहणाऱ्यांपैकी. त्याच्या जाकिटाला सात खिसे आणि प्रत्येक खिशात वेगवेगळ्या रंगाची दोरी. अर्ध्या तासात बिनखिळ्याची झोपडी बांधतो, असं तो सांगतो. ती पडते, हे त्याची बायको सांगते. "दाजी, डोळे मिटून नायलॉन घ्या. याच दोरीने मी कड्यावरून उतरलोय."

"उतरलास की घसरलास?" रेकॉर्डकीपरच्या बायकोने आतून विचारलं. तिला भावाचं घसरणं ठाऊक होतं.

*

नोंदवहीतून:

१. काथ्या. सुचवणारे: जहाजवाले. भार: पाण्याच्या दोन बादल्या. शेरा: सांधा कुरकुरतो, झोके देतो. बादल्या प्रमाणित नाहीत. नापास.

२. नायलॉन. सुचवणारा: मेहुणा. भार: तीन बादल्या. शेरा: गाठ सुटली नाही, पण पूर्ण सांधा गुळगुळीत बांबूवरून चार बोटं खाली आला. मी चार बोटं खाली येऊ इच्छित नाही. नापास.

३. सुतळी, ओली करून. सुचवणारा: मुलगा (स्वतःचं डोकं). भार: तीन बादल्या. शेरा: पुढे पाहा.

पुढे म्हणजे असं. सुतळी भिजवली की फुगते आणि आवळते, हे रेकॉर्डकीपरने कुठेतरी वाचलं होतं. त्याने सुतळी रात्रभर भिजवली, ओलीच करकचून बांधली, तीन बादल्या टांगल्या आणि सगळ्यांना बोलावलं. सांधा केसभर हलला नाही. त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. अशा वेळी फोटो काढायचं कोणाला सुचत नाही. मग ऊन चढलं. फुगलेली सुतळी वाळली, बारीक झाली, आणि दुपारी सव्वातीनला तीन बादल्या एका मागोमाग एक खाली आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

शेरा: दुपारपर्यंत पास.

४. वायरी बांधतात ते प्लास्टिकचे आवळपट्टे. सुचवणारा: खालचा सायकल दुरुस्तीवाला. शेरा: तुटताना आवाज येतो. निदान कळतं तरी.

याच सायकलवाल्याने जाता जाता एक फाटकी ट्यूब दिली होती. "याच्या पट्ट्या कापून बांधा, काका. रबर घसरत नाही." ते खरं होतं. रबर घसरलं नाही, पण भार पडला की डुलायला लागलं. दादांनी त्या खुर्चीकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला. "पाळणा."

*

पाचवी नोंद वहीत कोरी आहे. तिची कहाणी वेगळी.

जहाजवाल्यांनी हार मानली नव्हती. "बाजारातली दोरी भेसळीची. स्वतः काढा. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, गर निघून जातो, उरतो तो अस्सल धागा." रेल्वे रुळांच्या कडेची काटेरी पानं आणून रेकॉर्डकीपरने न्हाणीघरातल्या टबात घातली. चौथ्या दिवशी वास आला. सहाव्या दिवशी तो वास बिल्डिंगला आला. आठव्या दिवशी बायकोने टूथब्रश घेऊन शेजारणीकडे बस्तान हलवलं.

"अहो, दादांना खाली न्यायचंय की आम्हाला वर पाठवायचंय?"

पण दहाव्या दिवशी त्या राडीतून रेकॉर्डकीपरने एक झुबका उपसला, धुतला, आणि काय सांगावं! पांढरा, चिवट, लांबच लांब धागा. एका पदरावर बादली पेलली. जहाजवाल्यांचे डोळे भरून आले. अर्थात, ते वासानेही असतील.

नेमकी त्याच वेळी बेल वाजली. नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक. हातात तक्रार, नाकावर रुमाल.

"मेलेलं जनावर कुठे आहे?"

"जनावर नाही. पानं आहेत."

"तक्रार जनावराची आहे." त्याने कागद दाखवला. छापील तक्रारीत दोनच पर्याय होते. 'तुंबलेलं गटार' आणि 'मेलेलं जनावर'. तक्रारदाराने, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीने, दुसऱ्यावर खूण केली होती.

"मग लिहा की, जनावर आढळलं नाही."

"वास आढळला ना? वास आहे म्हणजे जनावर आहे. ते हलवल्याची पावती लागल्याशिवाय तक्रार बंद होत नाही."

रेकॉर्डकीपर सरकारी माणूस. त्याने बैठक मारली आणि लेखी खुलासा दिला:

'सदर जनावर ही वनस्पती असून ती मरण पावलेली नाही, तर प्रक्रियेत आहे. तरी तीस घरी राहू द्यावे, ही विनंती.'

निरीक्षकाने खुलासा दोनदा वाचला, व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवला आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना हाक मारली. ती हातमोजे घालून आली. टब, पानं आणि तो पांढराशुभ्र झुबका, सगळं गाडीत गेलं. रेकॉर्डकीपरच्या हातात पावती उरली. 'एक जनावर, मध्यम आकाराचे.'

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याचा इतका अपमान झाला नव्हता. रविवार चार दिवसांवर आला होता. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून दादा फोनवर अक्काला म्हणाले, "बघू. मुलगा धडपडतोय बिचारा."

त्या 'बिचारा'मुळे रेकॉर्डकीपर रात्री अर्ध्या ताटावरून उठला.

*

गुरुवार. रेकॉर्ड रूम. खिडकीला जाळी, छतापर्यंत फळ्यांचे घोडे, घोड्यांवर गठ्ठे. रेकॉर्डकीपर जुन्या फायलींचा एक गठ्ठा बांधत होता आणि मनात सेक्रेटरीला बांधत होता. हात आपापले चालले होते. सुती फितीचा तुकडा मेणबत्तीवर घासायचा, म्हणजे दमट हवेत फीत फुगत नाही. खाली-वर पुठ्ठा. दोन वेढे उभे, दोन आडवे. मग, आणि हे नव्या कारकुनांना वर्ष वर्ष जमत नाही, आतून फीत घालून दोन वेढ्यांच्या मधून एक फेर असा आवळायचा की बाकीच्या वेढ्यांचीच मुंडी पिरगाळली जाते. मग गाठ.

गठ्ठा बांधून त्याने सवयीने फितीला धरून उचलला. वीस किलोचा गठ्ठा. एकही वेढा हलला नाही.

तो गठ्ठा तसाच हातात धरून उभा राहिला.

शेजारचा गठ्ठा त्याने स्वतः बांधला होता, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. फीत विटली होती. सांधा जसाच्या तसा. जमिनीवर कुठे कागदाचं चिटोरं नाही. अठ्ठावीस वर्षं तो रोज जे बांधत होता ते सोडून तीन आठवडे तो सगळ्या गावाला विचारत फिरत होता, की घट्ट कसं बांधतात.

"वेड लागलंय मला," तो गठ्ठ्याला म्हणाला.

आता फीत हवी. भांडारातला कारकून म्हणाला, फीत फक्त फायलीच्या क्रमांकावर मिळेल. तुमच्या वडिलांचा फाइल क्रमांक सांगा. पण कोपऱ्यात फितीची चाळीस रिळं पडून होती. मागवली होती पांढरी, आली पिवळी, म्हणून अकरा वर्षांपूर्वी नामंजूर. नियमाप्रमाणे ती 'जाळून अथवा उपयोगात आणून' नष्ट करायची होती. जाळायला कोणी काडी दिली नव्हती. रेकॉर्डकीपर थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेला. ऑफिसर मॅडम पस्तिशीच्या, बोलायला फटकळ.

"कशाला हवीत पिवळी रिळं?"

"वडिलांना बांधायला, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्याने सगळं सांगितलं. लिफ्ट, अक्का, जनावर. जनावराच्या पावतीपाशी मॅडमना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी 'जाळून अथवा' एवढ्यावर काट मारली आणि सही केली.

"सोमवारी येऊन सांगा, काय झालं ते," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला कळणार कसं, नष्ट झाली की नाही?"

*

शनिवार सकाळ. आधी बांबूवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, ताणून, एकच थर. त्याने बांबूचा गुळगुळीतपणा मेला. त्यावर मेण घासलेली पिवळी फीत, कोरडी. आठ वेढे, मग तो आवळणारा फेर, तीनदा. रबर वरची फीत घसरू देत नव्हतं आणि सूत रबराला डुलू देत नव्हतं. मेहुणा आणि जहाजवाले दोन बाजूंना बसून बघत होते.

"रबर कारखान्यातलं, म्हणजे आपलं," मेहुणा म्हणाला.

"सूत झाडापासून, म्हणजे आमचं," जहाजवाले म्हणाले.

"हात कोणाचे?" बायको म्हणाली. ती टूथब्रशसकट परत आली होती.

आठवा सांधा होतो न होतो तोच सेक्रेटरी उगवला. जाडजूड माणूस, काखेत नियमांची फाइल. "साहेब, जिन्यातून फर्निचर न्यायला तीन दिवस आधी अर्ज लागतो. उद्याचं जमणार नाही."

रेकॉर्डकीपरने तोंड उघडलं, पण आतून दादांचा आवाज आला. "सेक्रेटरी, तुमचं वजन किती?"

"असेल… शंभराच्या आसपास."

"माझ्या अंदाजाने एकशे चार. माझ्या दीडपट. बसा."

"मी? मी कशाला?"

"चाचणी आहे. इथे तुमच्याइतका भरवशाचा भार दुसरा नाही."

आयुष्यात कोणी सेक्रेटरीला भरवशाचा म्हटलं नव्हतं. तो बसला. रेकॉर्डकीपर पुढे, मेहुणा मागे. उचललं. दादांनी काठीने एकेक सांधा ठोकून पाहिला, कान लावून ऐकला. काही कुरकुरलं नाही. दाराबाहेर काढलं. सातवी पायरी आली, खुर्ची डौलात वळली. तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्यावर मेहुण्याने धापा टाकत विचारलं, "उतरता का?"

"जरा थांबा ना," सेक्रेटरी म्हणाला. त्याने मांडी घातली होती. "इथून जिना छान दिसतो हो."

परवानगीवर त्याने खुर्चीत बसूनच सही केली. दादांनी नोंदवही मागवली आणि सहाव्या नोंदीपुढे शेरा लिहिला. एकच शब्द, खाली दोन रेघा. तो वाचून रेकॉर्डकीपर न्हाणीघरात गेला आणि उगाचच तोंड धुऊन आला.

*

रविवार, सव्वादहा.

इस्त्रीचा शर्ट. दाढी. दादा बसले आणि म्हणाले, "चला."

चौथा मजला, तिसरा. दाराआडून माणसं बाहेर येत होती आणि मागून चालत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गचकन सगळं थांबलं. मेहुण्याने कोणाला न विचारता 'खबरदारी' म्हणून मागून आणखी एक नायलॉनची दोरी बांधली होती. तिचं लोंबतं टोक जहाजवाल्यांच्या दाराच्या कडीत अडकलं. रेकॉर्डकीपर पुढे उतरलेला, मेहुणा मागे खेचला गेलेला, खुर्ची तिरकी, सगळा भार एका कोपऱ्यावर. बायकोने डोळे मिटले. जिन्यातले वीस जण श्वास धरून त्या एका पिवळ्या सांध्याकडे बघत होते.

सांध्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दाजी, सॉरी…"

"कापा ती," दादा वरून शांतपणे म्हणाले. आणि या वेळी त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते.

जहाजवाल्यांनी सुरी आणून नायलॉन कापली. असं समाधान त्यांना जहाजावर कधी मिळालं नसेल.

दहा वाजून छत्तीस मिनिटांनी खुर्ची रस्ता ओलांडून अक्काच्या दारात टेकली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"उशीर केलास," अक्का म्हणाली.

"लिफ्ट बंद होती, अक्का."

"तुझं नेहमीच काहीतरी असतं." तिने त्यांचा हात ओढून घेतला, उलटा केला, बोटं न्याहाळली. "नखं कापायला घरात कोणी नाही वाटतं."

मग काय बोलले ते कोणाला माहीत नाही, कारण जहाजवाल्यांनी सगळ्यांना पाठ करून उभं केलं. मधून दोनदा हसणं ऐकू आलं. दुसऱ्या वेळचं हसणं दादांचं होतं हे रेकॉर्डकीपरला पटकन कळलं नाही. त्याने ते पूर्वी ऐकलं नव्हतं.

सव्वाअकरा झाले. अक्काची मुलगी गाडीपाशी चुळबुळत होती. "आई, निघायला हवं गं."

अक्का उठली. तिने गाडीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

"बाळ्या, ऊठ."

ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने बाजारातले काटे सरळ व्हायचे, ते दादा सगळ्या गल्लीदेखत उठून उभे राहिले. अक्का खुर्चीत बसली. पदर सावरला.

"आई! गाडी इथेच आहे!"

"येऊ दे मागून. कोपऱ्यापर्यंत मी अशी जाणार." तिने पुढच्या बांबूवर टिचकी मारली. "चला रे."

वरात निघाली. पुढे रेकॉर्डकीपर, मागे मेहुणा, मध्ये उंचावर अक्का, शेजारून एका हाताने काठी टेकत आणि दुसरा हात बांबूवर ठेवून दादा, त्यांच्यामागे सगळी बिल्डिंग, आणि सगळ्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये ती रिकामी गाडी.

"हे बांधलं कोणी?" वरून अक्काने विचारलं.

"माझ्या मुलाने," दादा समोर बघत म्हणाले.

रेकॉर्डकीपर असा ताठ झाला की खुर्चीची पुढची बाजू वीतभर वर गेली आणि अक्का मागे कलली.

"नीट धर रे!" दोघं बहीणभाऊ एकदम ओरडले.